बाईची पत्रं कुणी लिहायची

सासरी गेलेल्या मुली आईचं पत्र आलं की नुसतं अक्षर बघून रडायला लागतात, असं मी ऐकत आले आहे. मी अक्षर बघून दातओठ खायचे. कारण ते अक्षर माझ्या आईचं नसायचं. ते आंदणाचीच्या पोरीचं असायचं.

ही आंदणाची कोण, ते आधी सांगते. आईला आम्ही बाई म्हणायचो. ती पैठणकडच्या मोठ्या जमीनदार घरातली. तिच्या लग्नात माहेरहून आंदण आलं, त्यात दुभती गाय होती, तांब्याचे हंडे होते, शिसवी पलंग होता, आणि बाईच्याच वयाची एक मुलगी होती. गाय म्हातारी होऊन मेली, पलंगाचा एक खूर मोडला, ती मुलगी मात्र आमच्याकडंच राबत राहिली. तिला पगार नव्हता. खाणं, वर्षाची लुगडी आणि मागच्या पडवीत झोपायला जागा, एवढंच. तिला स्वतःचं नाव होतं, पण आमच्या घरात कुणी ते घेत नसे. सगळे तिला आंदणाची म्हणत. गायीला मात्र आम्ही नावानं हाक मारायचो.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. आंदणाची माझ्या आजोबांची, म्हणजे बाईच्या वडिलांचीच लेक होती, त्यांच्या घरच्या बटकीच्या पोटची. दोघींना शेजारी बसवलं तर नाक-कपाळ सारखं. चारचौघांत ती बाईला 'बाईसाब' म्हणायची. माजघरात दोघीच वेणीफणीला बसल्या की 'अक्का' म्हणायची. मी ते दाराआडून ऐकलं होतं, आणि तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली असावी.

पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी लहान होते. निजामाचं राज्य गेलं आणि त्यानंतर हळूहळू आमचे पिढीजात राबणारे गडीही गेले. कुणी शहरात मजुरीला लागलं, कुणी आपल्या गावी परतलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आंदणाचीलाही एकदा जेवताना म्हटलं, "तुला जायचं तर जा, आता सरकार बदललं." ती ताटात भाकरी वाढत म्हणाली, "कुठं जाऊ मालक? गाव तरी कोणतं सांगू?" तिचा नवरा आमच्याकडंच सालदार होता, तो तापानं गेला होता. मागं एक मुलगी होती, माझ्याहून थोडी लहान. तिचीच ही हकीगत आहे, आणि माझ्या मत्सराची.

आबांचा पत्रव्यवहार दांडगा होता. शेती खेड्यावर, शेंद्र्याला, आणि राहणं शहरात, उस्मानपुऱ्यात, त्यामुळं राबणारी माणसं तिकडं आणि हुकूम इकडून. सरकीचा भाव, बैलांची खरेदी, भावकीतला तंटा, कचेरीतला अर्ज, सगळं कागदावर चालायचं. आबांना मोडी लिहिता यायची, आणि उर्दू कागदांसाठी एक मुन्शीजी होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचे कागद मराठीत येऊ लागले आणि मुन्शीजींचं काम आटत गेलं. तरी ते सकाळी यायचे, ओसरीवर उन्हाला बसायचे आणि चहा घ्यायचे. मी शाळेतून आले की म्हणायचे, "अब तुमारा जमाना है बेटा, तुमे लिखो." मला ते फार आवडायचं. आता या घराचे कागद मी लिहिणार, असं मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

आमच्या पत्रांची एक ठरलेली रीत होती. मजकूर संपला की मोठ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद, एकेकाचं नातं घेऊन. आणि सर्वात शेवटी एक ओळ : घरची माणसं व गुरंढोरं खुशाल आहेत. आंदणाची आणि तिची पोरगी त्या ओळीत यायच्या. त्यातल्या माणसांत की गुरांत, हे कुणी विचारलं नाही.

मला मुलींच्या शाळेत घातलं तेव्हा दप्तर आणि डबा घेऊन ती पोरगी माझ्यामागं यायची. पहिले काही दिवस ती वर्गाबाहेर बसली. मग आमच्या मास्तरीणबाईंनी तिला आत घेतलं आणि हजेरीत तिचं नाव घातलं. मी घरी येऊन आदळआपट केली. बाई म्हणाली, "बसंल की कोपऱ्यात, तुझं काय खातीय?" माझं काय खात होती, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. पुढं ती माझं पुष्कळ काही खाणार होती.

तिचं अक्षर चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागेल. गोल, सरळ, न सांडणारं. माझं घाईचं. आबांनी एकदा दोघींकडून एकच अर्ज लिहून घेतला, दोन्ही कागद उजेडात धरले आणि तिचा कागद पाकिटात घातला. मला म्हणाले, "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. हिचं बघ." त्या दिवसापासून आबांचे अर्ज, अडत्याला पत्रं, शेंद्र्याच्या माणसांना चिठ्ठ्या, सगळं तिच्याकडं गेलं. ओसरीवर आबा लोडाला टेकायचे आणि ती खाली पाट मांडून लिहायची. मला राग आला, पण तो मी गिळला. बैलांच्या किमती लिहिण्यात मला तरी कुठं रस होता?

मला हवी होती बाईची पत्रं. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि दुपारी जेवणं आटोपली की ती माहेरी, मामाला, पत्र सांगायची. दिवसभर तोंडाला कुलूप लावून वावरणारी माझी आई तेवढ्या वेळात बोलायची. तिच्या मनात काय आहे ते कळण्याची घरात तीच एक जागा होती. मला त्या जागी बसायचं होतं. दुसरं काही मी तिच्याकडं मागितलं नाही.

आणि सुरुवातीला मी बसलेही. बाई सांगायची, "दादा, पाऊस नाय, पर हिरीला पानी हाय, तू घोर करू नको." मी लिहायचे, 'यंदाचे पर्जन्यमान समाधानकारक नसले तरी विहिरीस जल असल्याने चिंतेचे कारण नाही.' निबंधात मला नेहमी चांगले गुण मिळायचे. वाचून दाखवलं की बाई गोंधळून विचारायची, "हे मी म्हनले?" मी म्हणायचे, पत्रात असंच लिहितात. ती मान हलवायची आणि आणखी थोडं कमी सांगायची. पुढंपुढं तिची पत्रं चार ओळींवर आली.

मग एका दुपारी मी शेजारून घरी आले तर माजघरातून हसण्याचा आवाज. बाई हसत होती, पदर तोंडाला लावून. समोर ती पोरगी कागद गुडघ्यावर घेऊन बसलेली, शेजारी आंदणाची डाळ निवडत होती. पोरगी म्हणत होती, "मंग? फुडं काय झालं बाईसाब?" आणि बाई तिला मामाच्या लहानपणची कुठल्याशा चिंचेवरून पडण्याची गोष्ट सांगत होती, आणि ती पोरगी ते शब्दाला शब्द लिहीत होती. 'हिरीला पानी' तर 'हिरीला पानी'. मला बघून तिघीही गप्प झाल्या.

तिघींचं एक माहेर होतं. पैठणकडचं ते घर, ती चिंच, तो मामा, सगळं त्यांचं होतं. मी आबांच्या घरची. मला माझ्याच आईच्या माजघरात पाहुणी आल्यासारखं वाटलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी असताना हिला कशाला बसवलंस?" मी विचारलं.

बाई म्हणाली, "तू माझं बोलनं सुधारतीस. मंग ते माझं ऱ्हात नाय."

मी दौत उचलून माझ्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी ती पोरगी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ताईसाब, दौत ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बाईसाबनं मला पेन्सिल दिलीय." ती काही गरीब गाय नव्हती. मान खाली घालून बोलायची, पण शब्द बरोबर जिथं लागायचा तिथं लागायचा. मी मग नाना उद्योग केले. ती लिहायला बसली की मला तहान लागायची, माझं डोकं दुखायचं, मला केस विंचरून हवे असायचे. ती उठायची, काम करून यायची आणि पुन्हा बसायची. बाई तोवर थांबायची. ती थांबते, याचाच मला जास्त राग यायचा.

सातवी झाल्यावर माझी शाळा बंद झाली आणि लग्नाची बोलणी सुरू झाली. जालन्याकडचं घर, आमच्याच तोलाचं. सगळी बोलणी पत्रांतून. मानपान, वरात, किती माणसं, कोणती तिथी. शेवटी त्यांचं पत्र आलं की, आंदणात काय देणार त्याची यादी कळवावी. आबा ओसरीवर बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणं तिलाच हाक मारली. मी दारात उभी होते. स्वतःच्या लग्नाची यादी ऐकायला कुणाला आवडत नाही?

आबा सांगत गेले, ती लिहीत गेली. हंडे, परात, समया, गादी-लोड. गाय एक, वासरासहित. मग आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि त्याच आवाजात म्हणाले, "आन् कामाला पोरगी, एक."

घरात कामाची पोरगी एकच होती. ती त्यांच्या पायाशी बसून लिहीत होती.

तिनं लिहिलं. हात थांबला नाही. मग मान वर न करता तिनं विचारलं, "मालक, गायीफुडं वासरासहित लिवलं. पोरीफुडं काय लिवू?"

"काय नगं. पोरगी म्हनलं की कळतंय त्यान्ला."

"नाव?"

"नावाचं काय काम?" आबा म्हणाले आणि पुढच्या ओळीला लागले.

आबा दुष्ट नव्हते. शब्दाचे पक्के होते, गड्यांना सणाला कपडे करायचे. पण कागद सांगायचा तो कुणाला, हे बघायची त्यांना सवयच नव्हती. लिहिणाऱ्या हाताला कान असतात, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात यायचं नाही. त्यांनी यादी तिच्याकडूनच वाचून घेतली. तिनं खणखणीत वाचली, 'कामाला पोरगी, एक' हेसुद्धा.

आणि मला काय वाटलं, तेही लिहिते. मला आनंद झाला. ती माझ्याबरोबर येणार, म्हणजे बाईपासून तुटणार. माजघरातलं ते हसणं बंद. जालन्याला ती माझी पत्रं लिहील आणि मी सांगेन तसंच लिहील. मी त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

रात्रीची जेवणं वाढताना आबांनी बाईला सहज सांगितलं की यादी अजून गेली नाही, उद्या टपालात टाकू, पोरगीही त्यात घातली आहे. बाई कढी वाढत होती. तिनं पळी पातेल्यात ठेवली.

"ती तुमची नाय," ती म्हणाली.

आबांनी वर बघितलं. बाईनं त्यांना असं उत्तर दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"तिची माय माझ्या आंदनातली. माझ्या माहेरची वस्तू. तिच्यावर तुमचा हक नाय. आंदनातलं माझ्या दादाला इचारल्याबिगर कुनाला देता येत नाय, ही तुमच्याबी घरची रीत हाय."

"आता आंदण-बिंदण राह्यलं का? राज्य बदललं," आबा हसून म्हणाले.

"मंग यादीत कशापायी घातली?"

बाई पुन्हा कढी वाढायला लागली. यादी दुसऱ्या दिवशी टपालात पडली नाही.

दुपारी बाईनं मामाला पत्र सांगितलं. मी माजघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले; मला कुणी बोलावलं नाही आणि उठही म्हटलं नाही. लिहायला अर्थात तीच. बाईनं पाऊसपाणी काही सांगितलं नाही. सरळ म्हणाली, "लिव. दादा, ह्या पोरीला माझ्या लेकीसंगं द्यायला निघालेत. ही आपल्या बाबांची नात हाय. तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय."

यादीत स्वतःला लिहिताना न थांबलेला तिचा हात इथं थांबला. आंदणाचीनं सूप खाली ठेवलं. घरात इतकी वर्षं जे कुणी जिभेवर घेतलं नव्हतं, ते बाई कागदावर घालायला सांगत होती.

"लिव की," बाई म्हणाली.

तिनं लिहिलं. पेन्सिल इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटलं असेल. मी बघत होते आणि मला रडू येत होतं. तिची दया येऊन नव्हे. माझ्या आईनं तिला सगळ्यांदेखत आपलं म्हटलं होतं, आणि मी उंबऱ्यावर होते.

मामाचं उत्तर आलं. नातीबद्दल एक अक्षर नव्हतं. नुसतं एवढंच होतं की आंदण तुझं आहे, पोरगी तिकडंच राहू दे. आबांनी यादी नवी लिहून घेतली. पोरगीची ओळ गेली, गाय वासरासहित राहिली.

मी बाईला एकटीला गाठलं. "माझी शाळा बंद केली तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. तिच्यासाठी आबांना उलट बोललीस!"

बाई माझ्या लग्नाच्या साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुझं लगीन करायलेत. तिचं सामान करायलेत."

बाईचं खरं होतं. खरं असलं म्हणून जळायचं काही थांबत नाही.

सासरी गेले आणि मग मला कळलं की माझं किती नुकसान झालं आहे. सासूबाई कडक होत्या, नवरा अबोल होता, स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं आणि त्यात बोलायला कुणी नाही. आईला लिहावंसं वाटायचं. पण पत्र पोचलं की ते बाईला वाचून कोण दाखवणार? तीच. माझं रडणं तिच्या तोंडून बाईच्या कानावर जाणार, तिच्या त्या खणखणीत आवाजात! मी लिहायचे, येथे सर्व सुखरूप, काळजी नसावी. आणि तिकडून उत्तर यायचं ते हुबेहूब बाईच्या बोलण्यातलं. 'लेकी, तू लई कमी लिवतीस. जेवतीस का नीट? तुझ्या पेरूच्या झाडाला औंदा बहार हाय.' वाचताना बाई कानाशी बोलते आहे असं वाटायचं, आणि अक्षर बघितलं की मध्ये ती बसलेली दिसायची. एकदा मी तसं पत्र अर्धं वाचून चुलीत घातलं आणि मग चिमट्यानं बाहेर काढलं. त्याची एक कड अजून काळी आहे.

काही वर्षांनी बाईनं कळवलं की पोरगीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला धाडतेय. तिथं राहायचं, शिकायचं, मग सरकारी शाळेत नोकरी. आबांनी कुरकुर केली, पण बाईनं आपल्या पाटल्यांतली एक जोडी मोडली. ती गेली, हे वाचून मी देवापुढं साखर ठेवली. सासूबाईंनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, असंच.

त्यानंतर बरेच दिवस बाईचं पत्र आलं नाही. आबा कधी मोडीत दोन ओळी टाकायचे. आणि मग एक पत्र आलं ज्याच्यावरचं अक्षर मला ओळखूच आलं नाही. मोठाली, वाकडीतिकडी, एकमेकांना टेकलेली अक्षरं, ओळी खाली घसरत गेलेल्या. ते बाईचं होतं. स्वतःच्या हातचं. जाण्याआधी त्या पोरीनं तिला लिहायला शिकवलं होतं. मी ते पत्र घेऊन मागच्या अंगणात पळाले. आता मध्ये कुणी नव्हतं. माझ्या आईनं माझ्यासाठी पाटीवर अक्षरं गिरवली होती, असं मनात म्हणत मी वाचायला लागले.

चारच ओळी होत्या. मी बरी हाय. तू कदी येतीस. आणि शेवटी, 'हे माझं दुसरं पतर. पयलं पोरीला धाडलं.'

मी ते पत्र तिथंच कपडे धुण्याच्या दगडावर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दिवाळीला माहेरी गेले. बाई मागच्या दारी उन्हात शेंगा फोडत बसली होती, जवळ पाटी होती. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मला राहवलं नाही. "पहिलं पत्र तिला का धाडलंस?"

बाईनं टरफलं बाजूला सारली. लपवायची तिला सवय होती, खोटं बोलायची नव्हती.

"तुला चुकलेलं कसं धाडू, लेकी? तू शिकलेली. तिच्याफुडं चुकायची मला लाज वाटत नाय."

पाटीवर अर्धं लिहिलेलं काही होतं. माझी नजर तिकडं गेली तशी बाईनं पाटी पदरानं पुसून पालथी ठेवली आणि मला म्हणाली, चहा घेतीस का? मी हो म्हटलं आणि चहा करायला स्वतःच आत गेले. चुलीपुढं बसले होते तेव्हा बाहेरून पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येऊ लागला. मी चहा उकळून आटेपर्यंत बाहेर गेले नाही.